रेषेतले फोड आणि डोळ्यांची तारीख

बाळ तीन-चार दिवसांचं असतं. बहुतेक वेळा आंघोळ घालणाऱ्या बाईंच्या नजरेला ते पहिल्यांदा पडतं. मांडीच्या आतल्या बाजूपासून पोटरीपर्यंत साबुदाण्याएवढे पाणी भरलेले फोड, एकामागोमाग एक, कुणी ओळीनं मांडावेत तसे. खालची कातडी लालसर. काही फोडांत स्वच्छ पाणी, काहींत पिवळट. हातापायांवर ओळ लांबीला धावते, कुशीवर वळणं घेते आणि पाठीच्या मधोमध आली की पाचराच्या टोकासारखी खाली उतरते. चेहरा सहसा मोकळा असतो. ताप नसतो, बाळ दूध ओढत असतं.

घरात लगेच एक शब्द उठतो: नागीण. रेषेत फोड म्हणजे नागीण, हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. मग गेरू लावणं आलं, नागीण उतरवणारे बाबा आले, आणि दोन्ही टोकं जुळली तर काय होईल याची भीती आली. खरी नागीण अंगाच्या एकाच बाजूला, एका मज्जातंतूच्या पट्ट्यात येते आणि चार दिवसांच्या बाळाला ती होणं फारच दुर्मीळ. दोन्ही पायांवर आणि पाठीवर वळणाच्या ओळी असतील, त्यातून बाळ मुलगी असेल, तर एका आजाराचं नाव डॉक्टरांच्या मनात यायलाच हवं: इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेन्टाय. मुंबईत या वाटेवरून गेलेल्या आम्हा काही पालकांनी हे मिळून लिहिलं आहे, ज्यांची वाट आज सुरू होतेय त्यांच्यासाठी.

नावाबद्दल आधी एक बारीक गोष्ट. डॉक्टर बोलताना 'आयपी' म्हणतात. केसपेपरवर मात्र पूर्ण नाव लिहून घ्या, कारण हॉस्पिटलात आयपी म्हणजे भरती असलेला पेशंट. खिडकीवरचा माणूस 'आयपी' वाचून तुम्हाला ॲडमिशनच्या रांगेत पाठवतो आणि अर्धी सकाळ तिथंच जाते.

आजार समजून घेतला की पुढची सगळी धावपळ कशासाठी ते कळतं. एक्स गुणसूत्रावर आयकेबीकेजी नावाचं जनुक आहे. दाह सुरू झाला की पेशीनं मरू नये म्हणून जी यंत्रणा धावून येते, तिचा एक भाग हे जनुक बनवतं. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात आणि गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी त्यातला एक झोपवून टाकते. ज्या पेशींत चांगला एक्स झोपला आणि बिघडलेला जागा राहिला, त्या पेशी जन्माच्या आसपास दाहात मरतात. एका मूळ पेशीची पिलावळ त्वचेत ज्या वाटांनी पसरत गेली, त्याच वाटांवर मरणाऱ्या पेशींचे फोड उठतात, म्हणून ते रेषेत. या रेषांचा नकाशा ब्लाश्को या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानं १९०१ मध्ये काढला होता. जनुकाचा पत्ता लागला तो २००० साली. मुलग्याला एकच एक्स, त्यामुळे असे गर्भ बहुधा पोटातच जातात. मुलगा जन्मला आणि त्याच्या अंगावर अशा रेषा असल्या तर गुणसूत्रांची तपासणी वेगळी होते. त्याला बीसीजीसारख्या जिवंत लसी द्यायच्या की नाही, हे प्रतिकारशक्ती तपासल्यावरच ठरतं.

त्वचेत मेलेल्या पेशींची जागा शेजारच्या चांगल्या पेशी भरून काढतात, म्हणून फोड आपोआप जातात. डोळ्याच्या आतल्या पडद्यात (रेटिनात) आणि मेंदूत याच दाहानं बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, आणि तिथं अशी भरपाई होत नाही. दिसायला भयंकर असते ती त्वचा, आणि जपायचे असतात ते डोळे आणि मेंदू. बहुतेक घरांत पहिला महिना मलमांत जातो आणि डोळ्यांची तारीख मागं पडते. या आजारात होणाऱ्या चुकांत आम्हाला सगळ्यात जास्त सलते ती हीच.

पहिल्या दोन दिवसांत हॉस्पिटलात काय होतं ते सांगतो. नवजात बाळाच्या अंगावर पाण्याचे फोड म्हटल्यावर डॉक्टर आधी हर्पीसचा विषाणू आणि जिवाणूंचा संसर्ग धरून चालतात. तसंच असावं, कारण नवजात बाळात हर्पीस जीव घेतो. फोडातल्या पाण्याचा नमुना पीसीआरला (विषाणू शोधणाऱ्या चाचणीला) जातो आणि शिरेतून असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू होतं, किलोमागे २० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की घर हादरतं, पण त्याला अडवू नका. पीसीआर निगेटिव्ह आलं की औषध बंद होतं. 'आमच्या मुलीला नसलेल्या आजाराचं औषध दिलं' असं नंतर मनात येतं. पण त्या वेळी ते देणंच बरोबर होतं.

याच वेळी साध्या सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) एक आकडा बघायला सांगा: इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. निरोगी बाळात हे पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असतात, इथं ते वीस-तीस टक्के किंवा त्याहूनही वर गेलेले दिसतात. त्वचेच्या डॉक्टरांनी ३ किंवा ४ मिलिमीटरचा तुकडा काढून बायोप्सी केली तर त्यातही इओसिनोफिल भरलेले आणि अवेळी मेलेल्या पेशी दिसतात. बायोप्सी ताज्या फोडाची व्हावी. सुकलेल्या खपलीतून काही कळत नाही आणि बाळाला टाका पडतो तो पडतोच. अंगावरच्या रेषा ठळक असतील आणि जनुकाची चाचणी होणारच असेल, तर बायोप्सी टाळता येईल का, हे विचारायला हरकत नाही.

फोटो रोज काढा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, शेजारी शिवणकामाची टेप ठेवून, तारखेसकट. चार महिन्यांत फोड नाहीसे होतात. पुढे मेंदूचे किंवा डोळ्यांचे नवे डॉक्टर विचारतात, 'नक्की कसे होते?', तेव्हा या फोटोंखेरीज दाखवायला काही नसतं.

त्वचेची निगा सोपी आहे. अवघड असतं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना थांबवणं. तेलाचं मालीश, बेसन-हळदीचं उटणं, वावडिंग-ओव्याची धुरी, सगळं फोड सुकेपर्यंत बंद. मालिशनं फोड फुटतात, आणि हळदीनं त्वचेचा मूळ रंग झाकला जातो, मग लाली पसरतेय की नाही हे डॉक्टरांना दिसतच नाही. कोमट पाण्यानं पाच मिनिटांची आंघोळ, फोडांवर साबण नाही, पुसायचं नाही तर मऊ कपड्यानं टिपायचं. अख्खा फोड फोडायचा नाही. फुटलेल्या जागी सलाइननं धुऊन पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर पॅराफिन गॉज. गॉजवर चिकटपट्टी लावू नका, ती काढताना कातडी घेऊन येते. जुन्या मलमलच्या साडीची धुऊन इस्त्री केलेली पट्टी सैल गुंडाळली की काम होतं. पावसाळ्यात मुंबईत लंगोट दोन-दोन दिवस दमट राहतात. इस्त्री फिरवल्याशिवाय बाळाला घालू नका. बारशाला आलेले नायलॉनच्या झालरीचे फ्रॉक कपाटात राहू द्या, आणि कान टोचणं लांबणीवर टाका.

दोन औषधांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. भाजल्यावर लावायचं पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम घराघरात असतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावायचं नसतं, त्यातल्या सल्फामुळे काविळीचा धोका मेंदूपर्यंत जाऊ शकतो. दुसरं, फोड गेले की त्याच रेषांवर काही आठवड्यांत चामखिळीसारखे खरखरीत थर येतात. हा आजाराचा दुसरा टप्पा आहे. त्यावर चामखिळीचं औषध लावू नका. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, आणि लहान बाळाच्या कातडीतून ते रक्तात उतरतं. हे थरही आपोआप गळतात. मग सहाव्या महिन्याच्या आसपास तपकिरी-राखाडी वेलबुट्टी उमटते, संगमरवरावर असते तशी. ती वर्षानुवर्षं राहून वयात येताना फिकट होत जाते. शेवटी पोटऱ्यांवर फिक्या, बिनकेसांच्या रेषा उरतात. टप्पे एकमेकांत मिसळतात. एका पायावर खपली आणि दुसऱ्यावर ताजा फोड असं दिसलं तर घाबरू नका. तापात किंवा लसीनंतर जुन्या रेषेवर चार फोड पुन्हा उठू शकतात. मुलींच्या लसी त्यासाठी थांबवायच्या नसतात. पण पू, पसरणारी लाली किंवा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

आता डोळे. निदानाची शंका आली त्याच आठवड्यात पडद्याची तपासणी व्हायला हवी, जनुकाच्या रिपोर्टची वाट न बघता. इथं एक गफलत नेहमी होते. साध्या डोळ्यांच्या ओपीडीत बॅटरी मारून बघतात, 'डोळे छान आहेत, सहा आठवड्यांनी या' म्हणतात. पुढून डोळा छान दिसतोच; बिघाड असतो पडद्याच्या कडेला, जिथं रक्तवाहिन्या पोहोचलेल्या नसतात. म्हणून विचारताना असं विचारा: 'कमी दिवसांच्या बाळांचा पडदा, आरओपी बघणारे डॉक्टर कोण?' (आरओपी म्हणजे अशा बाळांच्या पडद्याचा आजार.) तेच डॉक्टर, तीच यंत्रं, तोच सराव इथं लागतो. मुंबईत मोठ्या नवजात विभागांना असे डॉक्टर जोडलेले असतात. केईएम आणि मुलांचं वाडिया हॉस्पिटल परळला आचार्य दोंदे मार्गावर एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. त्वचा, मेंदू, डोळे, जनुक असे चार विभाग जवळपास मिळाले तर बाळाची लोकलमधली दगदग खूप वाचते. तेव्हा सुरुवातीलाच सगळं एका ठिकाणी किंवा एका परिसरात बांधून घ्या.

तपासणीच्या आधी साधारण तासभर दूध नको, नाहीतर बाळ उलटी करतं. काजळ अजिबात नको. बाहुली मोठी करणारे थेंब दर दहा मिनिटांनी, दोन-तीनदा. गालावर ओघळलेला थेंब लगेच टिपा. त्यातलं औषध कातडीतूनही शोषलं जातं आणि बाळाचा रक्तदाब वाढू शकतो. मग बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, सिस्टर डोकं दोन तळव्यांत धरतात, पापण्यांमध्ये तारेचा छोटा चिमटा बसवला जातो. डॉक्टर डोक्याला लावलेला दिवा आणि हातातलं भिंग घेऊन वाकतात, आणि दाबायच्या बारीक काडीनं डोळ्याचं बुबुळ बाजूला वळवत कड बघतात. बाळ लालबुंद होऊन रडतं. एका डोळ्याला दोन-तीन मिनिटं. जिभेवर साखरपाण्याचे दोन थेंब दिले तर रडणं कमी होतं. ते सिस्टरांना आधीच सांगून ठेवा. पापण्या नंतर थोड्या सुजतात, बाहुली काही तास मोठी राहते, म्हणून बाहेर पडताना टोपडं कपाळावर ओढा.

तपासणीचा क्रम असा: तीन-चार महिन्यांची होईपर्यंत दर महिन्याला, तिथून वर्षाची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी, मग तीन वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. पहिल्या दोन तपासण्या चांगल्या आल्या की पुढची तारीख चुकवायचा मोह होतो. गावी जायचं असतं, गणपती असतात. पण रक्त न पोहोचलेला पडदा 'मला रक्त द्या' असा संदेश सोडत राहतो. त्या संदेशानं नको तिथं नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात, त्या ओढल्या जातात आणि पडदा सुटतो. हे दोन तारखांच्या मधल्या काही आठवड्यांत होऊ शकतं. वेळेत दिसलं तर रक्त न पोहोचलेल्या भागावर लेझर मारून तो संदेश बंद करता येतो. सुटलेला पडदा परत बसवणं ही फार मोठी आणि अनिश्चित लढाई असते.

कधी भूल देऊन हाताच्या शिरेत पिवळा रंग सोडतात आणि पडद्यातल्या वाहिन्यांचे फोटो घेतात. नुसत्या भिंगातून न दिसणारी बंद वाहिनी त्यात उजळून दिसते. या तपासणीनंतर बाळ दिवसभर पिवळं दिसतं आणि लंगोटात भडक पिवळी शी नव्हे, शू होते. काविळ समजून रात्री धावत जाऊ नका. रंग दीड-दोन दिवसांत निघून जातो.

मेंदूची बाजू वेगळ्या सावधपणाची आहे. साधारण तीनातल्या एका मुलीत मेंदूचा काही ना काही त्रास दिसतो. सगळ्यात जास्त दिसते ती आकडी, आणि ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच येते. नवजात बाळाची आकडी मोठ्यांसारखी नसते. एक हात तालात उडत राहतो, ओठ चघळल्यासारखे हलतात, पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात, नजर एकीकडे अडकते, किंवा बाळ क्षणभर श्वास धरून निळसर पडतं. साधी थरथर असेल तर हात हलकेच धरल्यावर थांबते. आकडी धरूनही तुमच्या मुठीत उडत राहते. ही एक खूण घरातल्या प्रत्येकाला शिकवून ठेवा.

दिसलं की फोन काढा. दुपटं बाजूला करा, दिवा लावा, सगळं अंग एका चौकटीत घ्या, आणि थांबल्यावरही मिनिटभर चित्रीकरण चालू ठेवा. डॉक्टरांसाठी हे अर्धं निदान असतं. बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकापाठोपाठ आल्या, तर १०८. पाचच मिनिटांत थांबलेली पहिली आकडीसुद्धा त्याच दिवशी हॉस्पिटलात दाखवायचीच.

तीन ते आठ महिन्यांच्या दरम्यान आणखी एक प्रकार येऊ शकतो, आणि तो घराघरात 'गॅस' म्हणून सुटतो. झोपेतून उठल्यावर बाळ एकदम पुढं वाकतं, हात उघडतात, सेकंदभरात सैल पडतं, आणि हे दहा-वीस वेळा लागोपाठ. मध्येच रडतं, म्हणून पोटात दुखतंय असं वाटतं. दचकणं एकदाच होतं आणि आवाजानं होतं. हे माळेसारखं येतं, आवाजाशिवाय. यात एक-दोन आठवड्यांचाही उशीर पुढच्या वाढीला भोवतो, म्हणून ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) लगेच लागतो. यावर व्हिगाबॅट्रिन हे औषध लिहिलं गेलं तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. त्या औषधानं कडेची नजर कमी होऊ शकते, आणि आपल्या मुलींत मुळात पडद्याची कडच अशक्त असते. औषध द्यायचं की नाही हे दोघं मिळून ठरवतील, पण दोघांना एकमेकांचं माहीत असेल तरच.

ईईजीच्या आदल्या दिवशी बाळाचे केस शाम्पूनं धुवा आणि तेलाचं बोटसुद्धा लावू नका. टाळू भरायला तेल घालायची आपली सवय इथं आडवी येते; तेलकट कातडीवर तारा चिकटत नाहीत आणि आलेख निकामी होतो. बाळाला वाटेत झोपू देऊ नका, तिथं पोहोचून दूध पाजून झोपवायचं असतं. लोकलच्या हेलकाव्यात झोपलेलं बाळ ईईजीच्या खोलीत टक्क जागं असतं, त्यामुळे एक जण फक्त जागं ठेवण्याच्या कामावर हवा.

एमआरआयची तारीख वाया जाण्याचं एक ठरलेलं कारण आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला बऱ्याचदा भूल न देता, दूध पाजून गच्च गुंडाळून, झोपेतच आत सरकवतात. त्यासाठी बाळ भुकेलं आणायचं आणि आत जायच्या अगदी आधी पाजायचं असतं. झोपेचं औषध किंवा भूल देणार असतील तर उलट: आईचं दूध चार तास, डब्याचं दूध सहा तास आधी बंद. एका घरानं पहिली पद्धत धरून पाजलं आणि तिथं भूलतज्ज्ञ उभे होते; तारीख गेली, पुढची काही आठवड्यांनी मिळाली. म्हणून आदल्या दिवशी फोन करून एवढंच विचारा: झोपेचं औषध देणार, की पाजून गुंडाळणार? मग अंगावरचं सगळं उतरवा: वाळे, काळ्या मण्यांच्या मनगट्या, करगोट्यातली चांदीची घुंगरं, लंगोटाची सेफ्टी पिन. आजीनं झबल्याच्या आत टाचलेला ताईत राहून गेला तर मशीनच्या दारात सापडतो. आकडीनंतरचा एमआरआय असेल तर तो पहिल्याच आठवड्यात व्हावा, कारण ताजी इजा दाखवणारा डिफ्यूजनचा भाग नंतर पुसट होतो. आकडी नाही, वाढ नीट आहे, पडद्यात नव्या वाहिन्या नाहीत, अशा बाळाला एमआरआय लागतोच असं नाही.

आकडीचं औषध मोजणं हे या सगळ्यातलं सगळ्यात बारीक काम. समजा बाळ ३.२ किलोचं आहे आणि लेव्हेटिरासेटाम किलोमागे १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लिहिलं आहे. एका वेळेला ३२ मिलिग्रॅम झाले. सिरप एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचं असेल तर घ्यायचं ०.३२ मिलिलिटर. यासाठी एक मिलिलिटरची, शंभर बारीक रेघांची सिरिंज लागते. त्यात बरोबर ३२ रेघा भरायच्या. आणि इथंच घात होतो. घरात आजोबांच्या डायबेटिसची इन्सुलिन सिरिंज असते, तीही एक मिलिलिटरचीच, पण ४० रेघांची. 'बत्तीस रेघा' म्हणून त्यात भरलं की ०.८ मिलिलिटर जातं, म्हणजे ८० मिलिग्रॅम, अडीच पट. बाळ दिवसभर मलूल पडतं, दूध ओढत नाही, आणि आजार वाढला असं सगळ्यांना वाटतं. म्हणून रेघांत बोलू नका, मिलिलिटरमध्ये बोला, आणि बाटलीच्या बाजूला औषधाची सिरिंज रबरबँडनं बांधून ठेवा. सिरप भरताना बुडबुडा आला तर सिरिंज उभी धरून टिचकी मारा. एवढ्याशा मापात एक बुडबुडासुद्धा मोठा असतो. वजन वाढतं तसा डोसही बदलतो. चार महिन्यांत बाळ ६ किलोचं झालं तर त्याच हिशोबानं ६० मिलिग्रॅम हवेत. दर भेटीत वजन सांगून डोस बरोबर आहे का ते विचारा, आणि दुसऱ्या कंपनीची बाटली मिळाली तर लेबलवर एका मिलिलिटरला किती मिलिग्रॅम ते वाचा. औषध परस्पर बंद करायचं नाही.

आता जनुकाचा रिपोर्ट, कारण इथं चांगले शिकलेले पालकही फसतात. आजार असलेल्या जवळपास दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलींत बिघाड एकच असतो: आयकेबीकेजीच्या ४ ते १० क्रमांकाच्या एक्सॉनचा (जनुकातल्या कामाच्या भागांचा) मोठा तुकडा गळालेला असतो. अडचण अशी की या जनुकाच्या शेजारीच त्याची जवळपास हुबेहूब निकामी नक्कल बसलेली आहे. एक्झोमसारखी नेहमीची चाचणी जनुकाचे छोटे छोटे तुकडे वाचून जोडते. तुकडा मूळ जनुकाचा की नकलेचा, हे तिला ओळखता येत नाही, आणि गळालेली जागा नकलेच्या तुकड्यांनी भरल्यासारखी दिसते. रिपोर्ट येतो 'काही सापडलं नाही'. आमच्यातल्या एका घरानं एका प्रयोगशाळेत मोठी रक्कम भरून असाच रिपोर्ट आणला, आणि त्यानंतर डोळ्यांच्या दोन तारखा सोडून दिल्या, कारण 'आजार नाहीच'. फॉर्मवर आधी लिहून घ्या: आयकेबीकेजी एक्सॉन ४ ते १० डिलीशन, लाँग-रेंज पीसीआर पद्धतीनं. ते निगेटिव्ह आलं तरच जनुकाचं बाकीचं वाचन. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत, दोन-तीन मिलिलिटर. रक्त देताना प्रयोगशाळेला थेट विचारा, 'नक्कल जनुक वेगळं ओळखता का?' या प्रश्नाला चटकन उत्तर आलं तर पुढं जा. आणि अंगावर रेषा स्पष्ट असतील, तर रिपोर्ट काहीही येवो, डोळ्यांच्या तारखा चालूच ठेवा.

बाळाबरोबर आईलाही तपासतात. पोटऱ्यांवर फिक्या, बिनकेसांच्या, घाम न येणाऱ्या रेषा, लहानपणापासून न आलेला एखादा दात किंवा सुळ्यासारखा टोकदार दात, टाळूवर केस विरळ असलेला एक ठिपका, आधी गेलेले गर्भ. कधी आजीच्या पायावरही त्या रेषा सापडतात आणि घरातलं जुनं कोडं सुटतं. पण निम्म्याहून जास्त मुलींत बिघाड नव्यानंच झालेला असतो, आईकडे काही नसतं. 'ग्रहणात काही चिरलं होतंस का' हा प्रश्न आमच्यातल्या प्रत्येक आईला विचारला गेला आहे. या आजाराचा ग्रहणाशी, डोहाळ्यांशी, खाण्यापिण्याशी काडीचा संबंध नाही, आणि हे वाक्य डॉक्टरांकडून सासरच्या माणसांसमोर वदवून घ्या.

आईत बिघाड सापडला तर पुढच्या प्रत्येक गर्भात तो उतरण्याची शक्यता निम्मी. जन्माला येणाऱ्या बाळांत साधारण एक तृतीयांश निरोगी मुली, एक तृतीयांश आजार असलेल्या मुली, एक तृतीयांश निरोगी मुलगे. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासता येतं. गर्भलिंग निदान बंदीचा १९९४ चा कायदा एक्स गुणसूत्राशी जोडलेल्या आजारांसाठी अशी तपासणी करू देतो, पण नोंदणीकृत केंद्रात, लेखी संमती घेऊनच. त्यासाठी पहिल्या मुलीचा जनुकाचा रिपोर्ट हातात असावा लागतो. गर्भ राहिल्यावर शोधायला निघालं तर आठवडे निघून जातात.

बाकीचं थोडक्यात. वर्षाच्या आत मुलांच्या दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा; दात उशिरा येतात, काही येतच नाहीत. मान, बसणं, रांगणं, बोलणं यांच्या तारखा वहीत लिहा. मागं पडतंय असं वाटलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या लवकर हस्तक्षेप केंद्रात फिजिओ आणि खेळातून शिकवणं सुरू होतं; त्यासाठी पक्क्या निदानाची वाट बघायची गरज नाही. नजर किंवा हालचाल कायमची कमी झाली असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा. आणि ज्यांच्या मुलीला पहिल्या वर्षात आकडी आली नाही आणि वाढीचे टप्पे वेळेवर आहेत, त्यांनी जरा सैल श्वास घ्यावा. अशा मुलींत मेंदूचा मोठा त्रास पुढे उद्भवण्याची शक्यता बरीच कमी असते. शाळेत मात्र पहिल्याच दिवशी बाईंना चिठ्ठी द्या की पायांवरचे डाग संसर्गाचे नाहीत.

फाईल दोन करा. एक रोजची, पिशवीत फिरणारी. दुसरी घरी: पहिल्या आठवड्याचे फोटो, सीबीसी, बायोप्सी, पडद्याची चित्रं, जनुकाचा रिपोर्ट. गुळगुळीत थर्मल कागदावर छापलेलं मुंबईच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत पुसलं जातं, त्याच्या त्याच दिवशी झेरॉक्स काढा. ही दुसरी फाईल मुलगी मोठी झाल्यावर तिच्या हातात द्यायची आहे. तिच्या स्वतःच्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टर पहिला कागद मागतील तो याच फाईलमधला असेल.